पहिली चार वर्षं ह्यूस्टनची

सिंथिया कूपरला स्वतःच्या देशात व्यावसायिक बास्केटबॉल खेळायला मिळालं, तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. या वयात बहुतेक खेळाडू निवृत्तीची भाषा बोलू लागतात. कूपरच्या खात्यावर तोवर पुष्कळ काही जमा होतं. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघातून १९८३ आणि १९८४ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं, १९८८च्या सोल ऑलिम्पिकमधलं सुवर्णपदक, १९९२च्या बार्सिलोनामधलं कांस्यपदक. पण अमेरिकेत बायकांना पगार देऊन खेळवणारी, दोन-चार वर्षांहून जास्त तग धरणारी लीगच नव्हती. कॉलेज संपलं की मुलींसमोर दोनच वाटा उरत: खेळ सोडायचा, नाहीतर देश सोडायचा. कूपरने देश सोडला. १९८६मध्ये ती स्पेनला गेली, तिथून इटलीला, आणि पुढची दहा वर्षं तिने युरोपातल्या छोट्या शहरांच्या संघांकडून खेळत, गुणांचा पाऊस पाडत काढली. तिच्या मायदेशात तिचं नाव बास्केटबॉलमधल्या जाणकारांपलीकडे फारसं कुणाला माहीत नव्हतं.

१९९७च्या उन्हाळ्यात हे चित्र बदललं. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात ‘ह्यूस्टन कॉमेट्स’ नावाचा संघ उभा राहिला आणि पहिल्या चार हंगामांत त्याने दुसऱ्या कुणालाही विजेतेपदाला हात लावू दिला नाही. त्यानंतर आठ वर्षांनी हा संघ बंद पडला. ही हकिगत बास्केटबॉलची तर आहेच, पण बायकांचा खेळ चालवायचा कुणी आणि कुणाच्या पैशावर, या प्रश्नाचीही आहे.

थोडं मागे जायला हवं. अमेरिकेत १९७२ साली ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगी म्हणून कुणालाही डावलता येणार नाही, असं त्याने ठरवलं. शाळा-कॉलेजांची मैदानंही त्यात आली. मुलींचे संघ निघाले, शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, आणि वीस वर्षांत तयारीच्या खेळाडूंची एक मोठी पिढी उभी राहिली. कॉलेजचे सामने टीव्हीवर दिसू लागले, स्टेडियमं भरू लागली. पण कॉलेज संपलं की सगळं तिथेच थांबायचं. अधूनमधून कुणी व्यावसायिक लीग काढायचं आणि ती दोन-तीन वर्षांत गुंडाळली जायची.

मग १९९६ साल आलं. अटलांटा ऑलिम्पिकसाठी अमेरिकेने महिलांचा संघ जवळजवळ वर्षभर आधीच एकत्र आणला आणि जगभर फिरवला. त्या दौऱ्यात संघाने ५२ सामने खेळले आणि ५२ जिंकले. ऑलिम्पिकमध्ये आणखी आठ सामने झाले, तेही सगळे जिंकले. अंतिम सामन्यात ब्राझीलचा १११-८७ असा पराभव झाला. पुरुषांची श्रीमंत लीग असलेल्या एनबीएने त्याच वर्षी एप्रिलमध्ये महिलांच्या लीगला मंजुरी दिली होती. ‘डब्ल्यूएनबीए’ असं नाव मिळालेल्या या लीगचा पहिला सामना २१ जून १९९७ रोजी झाला. त्याआधी, १९९६च्या ऑक्टोबरमध्ये, एबीएल नावाची दुसरी महिला लीगही सुरू झाली होती. ती खेळाडूंना पैसे जास्त द्यायची, पण तिच्यामागे एनबीएची तिजोरी आणि टीव्हीचे करार नव्हते. १९९८च्या डिसेंबरमध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना, ती बंद पडली.

डब्ल्यूएनबीएची रचना समजून घेतली नाही, तर पुढचं बरंचसं कळणार नाही. सुरुवातीला आठ संघ होते आणि आठही एनबीएच्याच शहरांत. संघांची मालकी लीगकडे सामाईक होती. रोजचा कारभार मात्र त्या-त्या शहरातला पुरुषांच्या संघाचा मालक पाहायचा. सामने उन्हाळ्यात होत, कारण तेव्हा पुरुषांचा हंगाम संपलेला असतो आणि मोठमोठी स्टेडियमं रिकामी पडलेली असतात. चेंडू पुरुषांच्या चेंडूपेक्षा जरा लहान होता, त्याच्यावर नारिंगी आणि फिक्या पिवळसर रंगांचे पट्टे होते. पगार अगदी तुटपुंजे होते. पहिल्या हंगामात ते साधारण पंधरा हजार डॉलरपासून पन्नास हजारांपर्यंत होते, त्यामुळे बहुतेक जणींना हिवाळ्यात पुन्हा युरोप गाठावाच लागे. स्टेडियम तेच, मालकही तेच. पण उन्हाळ्यातल्या या संघाचं भवितव्य हिवाळ्यातल्या संघाच्या मालकाच्या मर्जीला बांधलेलं होतं. ह्यूस्टनच्या बाबतीत ही गाठच शेवटी निर्णायक ठरली.

ह्यूस्टनमध्ये रॉकेट्स हा पुरुषांचा संघ होता. १९९४ आणि १९९५ अशी दोन वर्षं त्याने एनबीए जिंकली होती आणि शहर बास्केटबॉलने भारावलेलं होतं. त्याच सुमारास शहराचा फुटबॉल संघ ऑयलर्स टेनेसी राज्यात निघून गेला, म्हणजे चाहत्यांच्या मनात एक जागा रिकामीही झाली होती. रॉकेट्सचे मालक लेस्ली अलेक्झांडर यांनी महिलांच्या संघाची जबाबदारी घेतली आणि प्रशिक्षक म्हणून व्हॅन चान्सलर यांना आणलं. चान्सलर मिसिसिपीचे. मिसिसिपी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाला त्यांनी एकोणीस वर्षं शिकवलं होतं. अघळपघळ बोलणारे, दक्षिणेच्या खास हेलात किस्से सांगणारे, पण सरावात चूक खपवून न घेणारे. त्यांच्या हाती जो संघ आला, तो पाहून कोणत्याही प्रशिक्षकाने देवाचे आभार मानले असते.

लीगने प्रत्येक संघाला दोन नामवंत खेळाडू नेमून दिल्या. ह्यूस्टनच्या वाट्याला आल्या शेरिल स्वूप्स आणि सिंथिया कूपर. दोघींपैकी खरं नाव स्वूप्सचं होतं. ती टेक्सासचीच, ब्राउनफील्ड नावाच्या लहान गावातली, भावांबरोबर खेळत मोठी झालेली. १९९३च्या कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात टेक्सास टेककडून खेळताना तिने ४७ गुण केले होते. पुरुष काय आणि महिला काय, कॉलेजच्या अंतिम सामन्यात एवढे गुण तोवर कुणीच केले नव्हते. १९९५मध्ये नायकीने तिच्या नावाचा बास्केटबॉलचा बूट बाजारात आणला; असा मान मिळालेली ती पहिली महिला. नवी लीग जिच्या चेहऱ्यावर उभी करायची, अशी ही खेळाडू. आणि नेमकं तेव्हाच कळलं की ती गरोदर आहे.

त्या काळी बाळंतपण म्हणजे खेळाडू स्त्रीच्या कारकिर्दीचा शेवट, असंच गृहीत धरलं जाई. स्वूप्सचा मुलगा २५ जून १९९७ रोजी जन्मला, म्हणजे हंगाम सुरू होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. बाळाचं नाव तिने जॉर्डन ठेवलं. त्यानंतर सहा आठवड्यांनी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, ती कोर्टवर परतली. आजही डॉक्टर इतक्या लवकर धावपळ करायला सहजासहजी हो म्हणणार नाहीत. तिने हे करून दाखवलं त्याचं कौतुक आहेच. पण महिला खेळाडूंच्या प्रसूतिरजेचा, त्या काळातल्या पगाराचा विचार करायला लीगला पुढे कितीतरी वर्षं लागली, हेही विसरता येत नाही.

स्वूप्स नसताना संघाचा भार कूपरने उचलला. युरोपात दहा वर्षं घासून आलेला खेळ अमेरिकेने पहिल्यांदा पाहिला आणि लोक चकित झाले. डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी सारख्याच सहजतेने बास्केटकडे घुसणं, दूरवरून नेमके थ्री-पॉइंटर, आणि सामना अटीतटीला आला की चेंडू स्वतःकडे मागून घेण्याची हिंमत. त्या जुलैमध्ये सॅक्रामेंटोविरुद्धच्या एका सामन्यात तिने ४४ गुण केले. बास्केट झाली की दोन्ही तळवे आकाशाकडे करून छत वर ढकलल्यासारखे हात हलवण्याची तिची लकब ह्यूस्टनच्या शाळकरी मुलींनी उचलली. पहिल्या हंगामाची सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली, दुसऱ्याचीही तीच. लीगच्या पहिल्या तिन्ही हंगामांत सर्वाधिक सरासरी गुण तिचेच होते, दर सामन्याला बावीसहून अधिक.

तिच्यासोबतच्या जणीही काही कमी नव्हत्या. कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंच्या पहिल्यावहिल्या निवडीत अगदी पहिल्या क्रमांकावर ह्यूस्टनने घेतलेली टीना थॉम्पसन, उंच, ताकदवान, ओठांना लालभडक लिपस्टिक लावून बास्केटखाली धक्काबुक्की करणारी. ब्राझीलची जॅनेथ आर्केन. अटलांटाच्या ज्या अंतिम सामन्यात स्वूप्सला सुवर्ण मिळालं, त्याच सामन्यात आर्केनच्या गळ्यात रौप्यपदक पडलं होतं. वर्षभरात दोघी एकाच संघात. आणि किम पेरो. हिच्याविषयी जरा सविस्तर सांगायला हवं.

पेरो लुइझियाना राज्यातल्या लफायेतची. उंची पाच फूट पाच इंच, म्हणजे या खेळात अगदीच ठेंगणी. कॉलेजात असताना एका सामन्यात तिने ५८ गुण केले होते, तरी नंतर तिलाही स्वीडन, जर्मनी, इस्रायल अशा देशांत जाऊन खेळावं लागलं. ह्यूस्टनने तिला निवडीच्या यादीतून घेतलं नव्हतं. खुल्या चाचणीला आलेल्या मुलींच्या गर्दीत ती आली आणि तिथून संघात शिरली, थेट पॉइंट गार्ड म्हणून. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू घेऊन पुढे जाणारी, कुणी कुठे पळायचं ते ठरवणारी खेळाडू. समोरच्या संघाच्या उत्तम खेळाडूला सावलीसारखं चिकटून राहणं आणि तिच्या हातातून चेंडू हिसकावणं हे पेरोचं खास काम. कूपर, स्वूप्स आणि थॉम्पसन या तिघी गुण करत. त्यांच्यापर्यंत चेंडू पोहोचवायचं काम पेरो करी आणि त्याबद्दल तिचं नाव वर्तमानपत्रांत क्वचितच ठळक छापलं जाई.

पहिला हंगाम १८ विजय आणि १० पराभवांनी संपला. ३० ऑगस्ट १९९७ रोजी ह्यूस्टनच्या समिट स्टेडियममध्ये एकच अंतिम सामना झाला, त्यात न्यूयॉर्क लिबर्टीला ६५-५१ असं हरवून कॉमेट्स लीगचे पहिले विजेते झाले. स्टेडियममध्ये सोळा हजारांहून जास्त माणसं होती.

१९९८चा हंगाम मात्र वेगळ्याच उंचीवर गेला. ३० सामन्यांत २७ विजय. विजयांच्या टक्केवारीत या लीगमध्ये आजवर कुणालाही तो गाठता आलेला नाही. अंतिम फेरीत फीनिक्स मर्क्युरीने पहिला सामना जिंकून त्यांना हादरा दिला, दुसऱ्यातही ह्यूस्टनचा संघ मागे पडला होता. तो सामना अतिरिक्त वेळेत ७४-६९ असा ओढून काढला आणि तिसरा ८०-७१ असा जिंकला. शहराला आता सवय झाली होती. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी मुलींना घेऊन आलेले बाप, आयांचे घोळके, आयुष्यात पहिल्यांदाच तिकीट काढून सामना बघायला आलेल्या आज्या, असं या सामन्यांच्या प्रेक्षकवर्गाचं रूप होतं. पुरुषांच्या सामन्यांच्या तिकिटांचे दर ज्यांना परवडत नव्हते, त्यांना कॉमेट्सचा सामना परवडत होता. एनबीएतल्या जाणत्या पत्रकारांनी आधी या लीगला दोन वर्षांचं आयुष्य दिलं होतं. ह्यूस्टनच्या गर्दीने त्यांना विचार बदलायला लावला.

त्यानंतरचं १९९९ साल या संघाच्या इतिहासातलं सर्वांत अवघड वर्ष. फेब्रुवारीत कूपरची आई मेरी कॉब्स स्तनाच्या कॅन्सरने गेली. लॉस एंजलिसच्या वॉट्ससारख्या गरीब वस्तीत या बाईने आठ मुलं एकटीने वाढवली होती, आणि कूपर मिळालेला प्रत्येक मान आईच्या नावाने घेत असे. त्याच महिन्यात पेरोला फुप्फुसाचा कॅन्सर असल्याचं निदान झालं. तो मेंदूपर्यंत पोहोचला होता. ती बत्तीस वर्षांची होती. संघाने तिची जागा भरली खरी, पण तिचा दहा नंबर कुणी घेतला नाही. हंगामभर सामना चालू असताना ह्यूस्टनचं प्रेक्षागृह तिचं नाव पुकारत राहिलं. १९ ऑगस्ट १९९९ रोजी पेरो गेली. बाद फेरी तोंडावर आली होती.

अंतिम फेरीत पुन्हा न्यूयॉर्कच समोर होता. तीनपैकी दोन सामने जिंकायचे. पहिला सामना ह्यूस्टनने न्यूयॉर्कला जाऊन ७३-६० असा घेतला. दुसरा ४ सप्टेंबरला घरच्या मैदानावर. शेवटी जेमतेम दोन सेकंद उरले असताना थॉम्पसनने बास्केट केली आणि ह्यूस्टन ६७-६५ असा पुढे गेला. गर्दी उठली. छतावरून विजयाचे रंगीत कागद झरू लागले. न्यूयॉर्कच्या टेरेसा वेदरस्पूनने चेंडू घेतला, एक-दोन पावलं टाकली आणि कोर्टाच्या मधल्या रेषेमागूनच तो भिरकावला. चेंडू फळ्यावर आपटून बास्केटमध्ये पडला. तीन गुण. न्यूयॉर्क ६८, ह्यूस्टन ६७. या लीगच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध फटका आजही तोच मानला जातो, आणि तो मारला गेला तो ह्यूस्टनविरुद्ध, ह्यूस्टनमध्येच, उत्सव सुरू झालेला असताना.

असा हातातोंडाशी आलेला घास निसटल्यावर बहुतेक संघ दुसऱ्या दिवशी कोलमडले असते. तिसरा सामना दुसऱ्याच दिवशी होता. कॉमेट्सच्या खेळाडू आणि सोळा हजार प्रेक्षक एकच घोष करत होते: तिसरं विजेतेपद किमसाठी. ह्यूस्टनने बचाव असा आवळला की न्यूयॉर्कला अख्ख्या सामन्यात ४७ गुणच करता आले. निकाल ५९-४७. सामना संपल्यावर कोर्टावर जे घडलं, ते विजयोत्सव आणि शोकसभा दोन्ही होतं. पुढे पेरोचा दहा नंबर संघाने कायमचा निवृत्त केला. लीगने खिलाडूवृत्तीसाठी दिल्या जाणाऱ्या वार्षिक पुरस्काराला तिचं नाव दिलं आणि दरवर्षी तो अजूनही दिला जातो.

चौथं विजेतेपद २००० साली आलं, आणि तुलनेने शांतपणे. बाद फेरीतले सहाच्या सहा सामने जिंकून. अंतिम फेरीत पुन्हा न्यूयॉर्क, शेवटचा सामना अतिरिक्त वेळेत ७९-७३. चारही अंतिम फेऱ्यांची सर्वोत्तम खेळाडू कूपरच ठरली. हा विक्रम तिच्या नावावरच आहे. हंगामाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्या वर्षी स्वूप्सकडे गेला. आदल्या वर्षी स्वूप्सने एका सामन्यात गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत दोन आकडी संख्या गाठली होती, म्हणजे बास्केटबॉलच्या भाषेत ट्रिपल-डबल. लीगमधला तो पहिला. चार विजेतेपदं सलग. आजवर मिनेसोटा आणि सिएटल या संघांनी चार-चार विजेतेपदं मिळवली आहेत, पण त्यांना त्यासाठी अनेक वर्षं थांबावं लागलं. सलग चार तर सोडाच, सलग तीनही दुसऱ्या कुणाला जमलेली नाहीत.

कूपर सदतिसाव्या वर्षी निवृत्त झाली. २००१च्या हंगामाआधी स्वूप्सचा गुडघा दुखावला आणि तिला पूर्ण वर्ष बाहेर बसावं लागलं. त्या वर्षी लिसा लेस्लीच्या लॉस एंजलिस स्पार्क्सने ह्यूस्टनला पहिल्याच बाद फेरीत घरी पाठवलं आणि एक पर्व संपलं. संघ मात्र वाईट नव्हता. स्वूप्स परतली, २००२मध्ये आणि पुन्हा २००५मध्ये लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली. तीन वेळा हा मान मिळवणारी ती पहिली. २००५च्या ऑक्टोबरमध्ये, सर्वोच्च यशाच्या क्षणी, तिने आपण समलिंगी असल्याचं जाहीरपणे सांगितलं. अमेरिकेतल्या सांघिक खेळांत इतक्या मोठ्या नावाने कारकीर्द ऐन भरात असताना असं बोलणं तेव्हा फार दुर्मीळ होतं, आणि टेक्सासमधल्या लहान गावातून आलेल्या मुलीला त्यासाठी किती धैर्य लागलं असेल याची कल्पना करता येते. चान्सलर यांनी २००४मध्ये अमेरिकेच्या महिला संघाला अथेन्स ऑलिम्पिकचं सुवर्ण मिळवून दिलं.

कोर्टवर असं चाललेलं असताना कागदावर काही वेगळंच घडत होतं. २००२च्या अखेरीस लीगने संघांची सामाईक मालकी सोडली. यापुढे एकेका संघाचा एकेक मालक असेल आणि तोट्याचा भारही त्यालाच वाहावा लागेल, असं ठरलं. अनेक एनबीए मालकांनी लगेच हिशेब मांडला. मायामी आणि पोर्टलंड त्याच वर्षी बंद झाले, २००३च्या हंगामानंतर क्लीव्हलंड, २००७च्या सुरुवातीला शार्लट. १९९७मध्ये सुरू झालेल्या आठ संघांपैकी आपापल्या मूळ शहरात आज तीनच उरले आहेत: न्यूयॉर्क, लॉस एंजलिस आणि फीनिक्स.

अलेक्झांडर यांनी कॉमेट्सना दहा वर्षं सांभाळलं, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण २००६नंतर त्यांना तो भार नकोसा झाला. २००७च्या जानेवारीत चान्सलर संघ सोडून गेले. दहा हंगामांत २११ विजय आणि १११ पराभव अशी त्यांची कामगिरी होती. त्याच सुमारास संघ विकला गेला. नवे मालक हिल्टन कोच हे ह्यूस्टनमधले फर्निचरचे व्यापारी. किंमत सुमारे एक कोटी डॉलर.

कोच यांना संघाची हौस होती, याबद्दल शंका नाही. पण रॉकेट्सपासून वेगळं झाल्यावर कॉमेट्सना तिकीटविक्रीची, जाहिरातदारांची, सरावाच्या जागेची, कार्यालयातल्या माणसांची सगळी व्यवस्था नव्याने उभी करावी लागली. एवढी वर्षं हे सगळं पुरुषांच्या संघाच्या आडोशाने चालत होतं. २००७चा हंगाम सलग दहा पराभवांनी सुरू झाला. जुनं समिट स्टेडियम तोवर चर्च झालं होतं. २००४पासून संघ रॉकेट्सच्या नव्या टोयोटा सेंटरमध्ये खेळत होता. २००८मध्ये खर्च परवडेना म्हणून तेही सोडून रिलायंट अरीना या बऱ्याच लहान सभागृहात जावं लागलं. स्वूप्स तोवर सिएटलला गेली होती. पहिल्या दिवसापासून कॉमेट्सच्याच रंगात खेळलेली थॉम्पसन तेवढी उरली होती.

त्या उन्हाळ्यात कोच यांनी हात टेकले आणि लीगने संघ स्वतःच्या ताब्यात घेऊन गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली. सप्टेंबरमध्ये आइक चक्रीवादळ ह्यूस्टनवर आदळलं. शहरात वीज नव्हती, रस्ते पाण्याखाली होते. त्यामुळे हंगामातला कॉमेट्सचा शेवटचा सामना अडीचशेहून जास्त किलोमीटर दूर, सॅन मार्कोस गावातल्या विद्यापीठाच्या व्यायामशाळेत घ्यावा लागला. तो त्यांनी जिंकला. १७ विजय, १७ पराभव, असा हंगाम संपला. पुढे कुणी गिऱ्हाईक मिळालं नाही. जगभर मंदी पसरली होती, बँका कोसळत होत्या, आणि महिला बास्केटबॉलमध्ये एक कोटी डॉलर घालायला ह्यूस्टनमधला एकही धनिक पुढे आला नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला लीगने संघ बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच आठवड्यात कॉमेट्सच्या खेळाडू उरलेल्या संघांना वाटून देण्यात आल्या.

या बंद पडण्याचं खापर बहुतेक वेळा प्रेक्षकांवर फोडलं जातं. लोक यायचे कमी झाले, म्हणून संघ गेला, असं. गर्दी घटली हे खरंच आहे. पण क्रम उलटा लावू नये. आधी संघ मोठ्या छताखालून लहान छताखाली गेला, जाहिराती आटल्या, ओळखीचे चेहरे निघून गेले, प्रशिक्षक गेले, आणि मग लोक घटले. अनेक पुरुष संघ वर्षानुवर्षं हरतात, तोटा सोसतात आणि तरी मालक त्यांना धरून बसतो, कारण एक दिवस किंमत वाढणार याची त्याला खात्री असते. अलेक्झांडर यांनी १९९३मध्ये साडेआठ कोटी डॉलरला घेतलेले रॉकेट्स २०१७मध्ये २२० कोटींना विकले. महिलांच्या संघाला धीर धरणारा असा मालक मिळाला नाही.

खेळाडूंचा मात्र सन्मान झाला. नेस्मिथ हॉल ऑफ फेम या बास्केटबॉलच्या मानाच्या दालनात चान्सलर २००७मध्ये गेले, कूपर २०१०मध्ये. या लीगमधून तिथे पोहोचलेली ती पहिली खेळाडू. मग २०१६मध्ये स्वूप्स, २०१८मध्ये थॉम्पसन. थॉम्पसन २०१३मध्ये निवृत्त झाली, तेव्हा लीगमधले सर्वाधिक गुण तिच्या नावावर होते: ७,४८८. ह्यूस्टन सोडल्यावर लॉस एंजलिस आणि सिएटल अशा दोन शहरांकडून ती खेळली, पण त्यातले बहुसंख्य गुण कॉमेट्सच्या कपड्यांतले आहेत.

आता वारं फिरलं आहे. २०२५मध्ये सुरू झालेल्या गोल्डन स्टेट वाल्किरीज या नव्या संघाने पहिल्याच वर्षी अठरा हजारांचं स्टेडियम भरून दाखवलं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये लीगने आणखी तीन शहरांची नावं जाहीर केली: क्लीव्हलंडला २०२८मध्ये, डेट्रॉइटला २०२९मध्ये आणि फिलाडेल्फियाला २०३०मध्ये संघ मिळेल. नव्या संघासाठी मालकाला मोजावी लागणारी प्रवेश फी पंचवीस कोटी डॉलर असल्याच्या बातम्या आल्या. कॉमेट्सना वाचवायला जेवढी रक्कम पुरली असती, तिच्या पंचवीसपट. क्लीव्हलंड आणि डेट्रॉइट दोघांनीही आपले पहिले संघ गमावले होते, त्यांना ते परत मिळत आहेत. ह्यूस्टनमधूनही अर्ज गेला होता. त्या यादीत ह्यूस्टनचं नाव आलं नाही.